गांजाच्या करातून व्हायोलिनच्या तारा: न्यू जर्सीतली माझी पावणेदोन वर्षांची पायपीट

धाकटीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना स्वतःची खोली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पट वाढला, वर्ग कमी पडला आणि त्यांची खोली गेली. तेव्हापासून रंग, ब्रश, कागद आणि पाण्याचे डबे एका ढकलगाडीवर लादून त्या या वर्गातून त्या वर्गात फिरतात. इथे हा प्रकार इतका सर्रास चालतो की त्याला नावही आहे, ‘आर्ट ऑन अ कार्ट’. गाडीचं एक चाक अडकायचं. बाई येताहेत हे पोरांना आवाजावरूनच कळायचं. चिखलकाम बंदच पडलं, कारण ओल्या मातीची भांडी गाडीवर ठेवून हिंडवणार कशी?

मी विट्याजवळच्या एका शाळेत शिकले. आमच्याकडेही फार काही नव्हतं, पण चित्रकलेच्या सरांचं एक कपाट होतं आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी ते शनिवारी थांबायचे. अमेरिकेतल्या शाळेत, तेही घरपट्टीचे एवढाले आकडे भरून, कपाटसुद्धा नाही हे मला झेपलं नाही. पण तेव्हा मी काहीच केलं नाही. घरी चिडचिड केली आणि विषय सोडून दिला.

खरी सुरुवात मार्च २०२४ ला झाली. राज्याकडून शाळांना मिळणाऱ्या मदतीचे आकडे त्या महिन्यात जाहीर होतात. २०१८ च्या एका कायद्याने ही मदत वाटण्याचं सूत्र सात वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलायचं ठरलं होतं आणि हे शेवटचं वर्ष होतं. शंभराहून जास्त शाळा-जिल्ह्यांची (म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणांची) मदत घटली, त्यात आमचा होता. केंद्राचा कोविडकाळातला निधीही सप्टेंबरमध्ये संपणार होता. मग जे नेहमी होतं तेच झालं. व्हायोलिन चौथीऐवजी पाचवीपासून शिकवायचं, वाद्यदुरुस्तीची तरतूद शून्य, बाहेरून येणारे नाटकाचे शिक्षक बंद. राज्याने पुढे मे महिन्यात कपातीचा काही भाग परत दिला, पण तोपर्यंत या ओळींवर काट मारून झाली होती.

यातली गंमत अशी की सगळ्या सरकारी शाळांमधून कलाशिक्षण उपलब्ध असलेलं देशातलं पहिलं राज्य म्हणून २०१९ मध्ये न्यू जर्सीचा गाजावाजा झाला होता. तो खोटा नव्हता. कलाशिक्षण उपलब्ध होतंच की, गाडीवर.

त्याच आठवड्यात धाकटीला शाळेतून आणताना सिग्नलला थांबले होते. समोर गांजाचं दुकान. आमच्या टाउनशिपमधलं, म्हणजे आमच्या गावातलं एकमेव, मे २०२३ मध्ये सुरू झालेलं. काचा दुधी, दाराशी ओळखपत्र तपासणारा माणूस, २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. पार्किंग भरलेलं होतं. मनात आलं, याचा कर जातो कुठे?

ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू जर्सीत नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमत झालं, साधारण ६७ टक्के लोकांनी हो म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कायदा झाला आणि २१ एप्रिल २०२२ पासून प्रौढांसाठी उघड विक्री सुरू झाली. राज्याचा नेहमीचा ६.६२५ टक्के विक्रीकर आहेच. त्यावर प्रत्येक गावाला स्वतःचा वटहुकूम काढून दुकानाच्या विक्रीवर २ टक्क्यांपर्यंत कर लावता येतो आणि तो पैसा थेट गावाच्या तिजोरीत येतो, दर तिमाहीला. पुष्कळ गावांनी दुकानच नको म्हटलं. आमच्या गावाने हो म्हटलं आणि २ टक्के लावले.

म्हटलं, हाच पैसा मागायचा.

आईला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, गांजाच्या पैशांनी पोरांना चित्रकला? शिव शिव. लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, आई, आपल्याकडे दारूच्या महसुलातून काय काय चालतं ते काढलं तर रस्त्यावरून चालणं सोडावं लागेल. ते तिला पटलं नाही. पुढे प्रत्येक फोनला तिचा पहिला प्रश्न मात्र हाच असायचा, “तुझ्या त्या गांजाचं काय झालं?” एकदा तिने हे स्पीकरवर विचारलं आणि समोर माझे सासरे बसले होते.

आधी आकडा हवा होता. ८ एप्रिल २०२४ ला माहितीचा अर्ज टाकला. इथे त्या कायद्याला ओप्रा म्हणतात. आपल्या माहिती अधिकारासारखाच. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं, न्यू जर्सीत सूर्य जवळजवळ नव्वद टक्के झाकला गेला होता. ग्रहणात अर्ज केलास म्हणून आईने कपाळाला हात लावला. पण उत्तर मुदतीत आलं, बरोबर कामाच्या सातव्या दिवशी. कायद्यात मुदतच तेवढी आहे.

या अर्जाबद्दल एक गोष्ट मी चुकून शिकले ती सांगते. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘गांजाच्या करातून गावाला किती उत्पन्न झालं आणि ते कशावर खर्च झालं?’ पाठवण्याआधी शेजारच्या निवृत्त बाईंना दाखवलं. त्या पूर्वी दुसऱ्या एका टाउनशिपमध्ये क्लार्क होत्या. त्या म्हणाल्या, “हा प्रश्न आहे. प्रश्नाला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद माग.” मग लिहिलं, ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या करापोटी जमा झालेल्या रकमांच्या खतावणीची पानं आणि वटहुकुमाची प्रत.’ ईमेलने मागितलं तर फुकट मिळतं, छापील हवं असेल तर पानाला ५ सेंट. चौदा पानं आली. मी छापूनच घेतली, ७० सेंट दिले, कारण मीटिंगला हातात कागद असला की आवाज कमी कापतो.

नोंदी तीन होत्या. जुलै २०२३: ६,२०० डॉलर. ऑक्टोबर: २१,४००. जानेवारी २०२४: २६,९००. मी किती मोठा खजिना सापडणार अशा थाटात पाकीट फोडलं होतं. गावाचं बजेट पाच कोटींच्या वर, शाळांचं त्याहून मोठं. त्यात हे म्हणजे दर्या में खसखस. नवरा म्हणाला, “एवढ्यासाठी?” मी हिशेब करून दाखवला. वर्षाला लाखभर डॉलर येतील. एका व्हायोलिनची साधी दुरुस्ती, तारा आणि बो (गज) धरून, शंभरेक डॉलरच्या आसपास. मोठ्या बजेटात जी रक्कम दिसतही नाही, तेवढ्यात कपात झालेल्या तिन्ही ओळी परत येत होत्या.

३० एप्रिलला शाळा बोर्डाची बजेटवरची जाहीर सुनावणी होती. मी गेले. नाव आणि पत्ता मोठ्याने सांगावा लागतो, तीन मिनिटं मिळतात, समोर घड्याळ उलटं धावत असतं आणि सगळं यूट्यूबवर जातं. मी घाईघाईत दोन मिनिटांत बोलून मोकळी झाले. अध्यक्षबाई फार सभ्यपणे म्हणाल्या, “कल्पना छान आहे, पण तो पैसा आमच्याकडे येत नाही. तो टाउनशिपचा.” १३ मे ला टाउनशिप कौन्सिलपुढे गेले, तेच बोलले. तिथे उत्तर मिळालं, “कल्पना छान आहे, पण शाळा आमच्या अखत्यारीत नाहीत. ते बोर्ड वेगळं.”

दोघांचंही खरं होतं. दोन वेगळ्या निवडणुका, दोन वेगळी बजेटं, घरपट्टीच्या बिलावर दोन वेगळ्या ओळी. बारा वर्षं ते बिल भरत होते, ओळी कधी वाचल्या नव्हत्या.

त्या रात्री गाडीत बसून रडले. उगाच मोठेपणाने लपवत नाही. पोरीला सांभाळायला ठेवलेल्या मुलीला दोन्ही संध्याकाळचे मिळून ९० डॉलर दिले होते आणि हातात काय, तर दोनदा ‘कल्पना छान आहे’.

दुसऱ्या दिवशी कौन्सिलमधल्या एका सदस्यबाईंची ईमेल आली. त्या सत्तरीच्या, पूर्वी शिक्षिका. त्यांनी टाउनशिपच्या वित्त अधिकाऱ्यांशी अर्ध्या तासाची भेट ठरवून दिली. मी कामावरून अर्धी रजा घेतली. या अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

पहिलं म्हणजे, हा पैसा कशासाठीच राखलेला नाही. तो सर्वसाधारण निधीत ‘किरकोळ उत्पन्न’ या सदरात पडतो आणि बर्फ काढण्यापासून पोलिसांच्या ओव्हरटाइमपर्यंत सगळ्यात मिसळून जातो. दुसरं, बजेटमध्ये असं उत्पन्न गृहीत धरताना आदल्या वर्षी जेवढी रोकड प्रत्यक्ष हातात आली त्याच्यापुढे सहसा जाता येत नाही, राज्याचा नियम आहे. २०२३ मध्ये हातात आले २७,६००. म्हणजे २०२४ च्या बजेटमध्ये तेवढेच धरले आणि ते बजेट आधीच मंजूर झालं होतं. “या वर्षी काहीही होणार नाही,” ते म्हणाले, “पुढच्या जानेवारीत या.” तिसरी गोष्ट त्यांनी दाराशी निरोप देताना सांगितली. “पगार मागू नका. दुकान उद्या बंद पडलं तर कर बंद. असल्या पैशावर माणूस नेमायचा नसतो. एकदा घेतलं की संपलं, अशी वस्तू मागा.”

मी शिक्षिकेचं पद मागणार होते. त्या संध्याकाळी यादी फाडून नवी केली: वाद्यदुरुस्ती, मातीकामाच्या भट्टीची जळलेली कॉइल, बारा आठवड्यांसाठी नाटकाचे शिक्षक.

उन्हाळा वाचनात गेला. इतर राज्यांनी काय केलं ते बघत बसले आणि डोळे उघडले. कोलोरॅडोत विक्री २०१४ ला सुरू झाली, तिथल्या कायद्यात पहिले ४ कोटी डॉलर शाळांना असं लिहिलेलं. पण ‘शाळांना’ म्हणजे बांधकामाला: छप्परं, बॉयलर, भिंती. संगीताच्या बाईंना त्यातलं काही मिळत नाही. ओरेगॉनमध्ये कराचा ४० टक्के हिस्सा राज्याच्या शाळा निधीत जायचा. २०२० च्या सार्वमताने ठरावीक रकमेच्या वरचा सगळा पैसा व्यसनमुक्तीकडे वळवला. तेही काम गरजेचंच, भांडायचं कोणाशी? न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्यात ४० टक्के शिक्षणाला, पण ते लॉटरीच्या शिक्षण निधीत मिसळतात. कला हा शब्द मला कुठेच ठळक दिसला नाही. ‘शिक्षण’ हा शब्द एवढा मोठा आहे की त्याच्या पोटात चित्रकला शोधूनही सापडत नाही.

आता एक बाजूचा मुद्दा, पण आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा. मी ग्रीन कार्डवर होते आणि नागरिकत्वाचा अर्ज त्याच वर्षी करायचा होता. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात तो अजून बेकायदाच. नागरिक नसलेल्याने सेवन केलं किंवा त्या धंद्यात काम केलं तर नागरिकत्वाच्या वेळी ‘सद्वर्तना’चा प्रश्न उभा राहू शकतो, हे २०१९ मध्येच इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलंय. मराठी शाळेतल्या दोन आयांनी माझ्या मागणीच्या निवेदनावर सही द्यायला नकार दिला तो याच भीतीने. मी वकिलांना विचारलं. १५० डॉलर गेले, पण झोप लागली. करातून आलेल्या सरकारी पैशाचा विनियोग कसा व्हावा यावर जाहीर सभेत बोलण्यात काही अडचण नाही, असं ते म्हणाले. दुकानाकडून देणगी किंवा मानधन मात्र अजिबात घेऊ नका. त्या दुकानात मी आजतागायत पाऊल टाकलेलं नाही. त्यांच्या मॅनेजरने एकदा निरोप पाठवला होता की आम्ही थेट ढोल-ताशे देऊ. नको म्हटलं. कर चालेल, प्रायोजक नको.

नोव्हेंबर २०२४ ला निवडणूक झाली. कौन्सिलमधले दोघे बदलले. त्यातल्या एकाला मी सहा महिने ईमेल लिहून पटवलं होतं, तोच पडला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही मंडळांची पुनर्रचना होते, समित्या नव्याने ठरतात. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी कुणालाही काही विचारू नका, सगळे ‘पुढच्या वर्षी बघू’च म्हणतात. मी ते दोन महिने दिवाळी अंकात घालवले.

जानेवारी २०२५. आता खतावणीत पूर्ण वर्ष होतं: १,०२,३५० डॉलर. मी २५,००० मागितले, चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी. शाळेच्या शैक्षणिक फाउंडेशनला द्या म्हणजे लवकर होईल, असं मला वाटत होतं. टाउनशिपच्या वकिलांनी दोन ओळींत ते मोडीत काढलं: राज्याच्या घटनेनुसार नगरपालिकेला खासगी संस्थेला पैसा बहाल करता येत नाही, संस्था कितीही पुण्यवान असो. रस्ता एकच. टाउनशिप आणि शाळा बोर्ड यांच्यात सामायिक सेवांचा करार. दोन्ही सार्वजनिक संस्था, दोन्ही बाजूंनी ठराव. असले करार त्यांच्यात आधीपासून होते, बर्फ काढण्याचा आणि मैदानांच्या देखभालीचा. बर्फाच्या कराराचाच साचा घेऊन त्यात ‘बर्फ’च्या जागी ‘कला’ घातलं, हे मी अक्षरशः सांगतेय. पहिल्या मसुद्यात एका कलमात ‘मीठ पसरणे’ राहून गेलं होतं.

आता ज्या एका वाक्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ते.

मसुदा वाचताना त्या सत्तरीच्या सदस्यबाईंनी विचारलं, “लॉटरीचं माहीत आहे का तुला?” न्यू जर्सीची लॉटरी शिक्षण आणि राज्याच्या संस्थांसाठी म्हणून सुरू झाली होती, १९७० साली. २०१७ मध्ये तिचं उत्पन्न तीस वर्षांसाठी निवृत्तिवेतनाच्या फंडांना देऊन टाकलं. पण त्यांना खुपत होतं ते त्याच्याही आधीचं. त्या तेव्हा शिकवत होत्या. “एका दाराने लॉटरीचा पैसा आला की दुसऱ्या दाराने नेहमीचा पैसा बाहेर जायचा,” त्या म्हणाल्या. “आमच्या वर्गात तेवढेच खडू.”

म्हणजे आम्ही २५,००० आणले आणि बोर्डाने पुढच्या वर्षी स्वतःच्या कलाशिक्षणातून २५,००० काढून घेतले, तर? सगळं कायदेशीर, सगळ्यांचे फोटो छापून येणार आणि पोरांच्या हाती काही नाही.

म्हणून वाक्य घातलं: ही रक्कम कलाशिक्षणाच्या सध्याच्या तरतुदीत भर म्हणूनच वापरली जाईल, तिच्या जागी नाही. बोर्डाचे हिशेब बघणारे अधिकारी म्हणाले, ‘सध्याची’ म्हणजे कधीची? कपातीआधीची की नंतरची? पट घटला तर? कला म्हणजे पगार धरून की सोडून? प्रश्न वाजवी होते, आणि त्यांचा कल ते वाक्यच गाळण्याकडे होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत हे एक वाक्य ईमेलमधून इकडून तिकडे गेलं. मी एकूण अकरा आवृत्त्या मोजल्या. शेवटी ठरलं ते असं: २०२४-२५ च्या मंजूर बजेटमधल्या दृश्यकला, संगीत आणि नाट्य या तीन ओळी, पगार सोडून, हा पाया. बोर्डाने त्या पायाखाली जायचं नाही. गेले तर जेवढे खाली तेवढी टाउनशिपची रक्कम कमी. पाया कपातीनंतरचा होता, म्हणजे मी तिथे हरले. पण वर्ष लिहिलं गेलं, आकडा लिहिला गेला. तुमच्या गावात कुणी हे करणार असाल तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे वर्ष तेवढं लिहून घ्या.

विरोध कुणाचा झाला? पोलिसांचा होईल असं वाटलं होतं, त्यांनी ब्रही काढला नाही. विरोध झाला ओळखीतल्यांकडूनच. आमच्या गणपतीला दरवर्षी येणारे एक काका सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “आज व्हायोलिनसाठी घेतलेत, उद्या दुसरं दुकान आलं तर शाळाच म्हणेल येऊ द्या. पोरांचं शिक्षण विक्रीवर टांगू नका.” मला राग आला, पण त्यांचं बोलणं मनातून जाईना. कारण मधल्या काळात मीच दर तिमाहीला आकडा बघत होते. ऑक्टोबरचा आकडा जुलैपेक्षा वाढलेला पाहून मला बरं वाटलं होतं, आणि मग बरं वाटल्याचंच कसंतरी झालं होतं. माझ्याकडे त्यांना द्यायला चोख उत्तर नव्हतं. एवढंच म्हणाले की दुकान आहे, कर येतोच आहे, तो रस्त्यावर घालायचा की वर्गात एवढाच आजचा प्रश्न. करारात रक्कम ठरावीक ठेवली, टक्केवारी नाही. विक्री दुप्पट झाली तरी शाळेला २५,००० च. हा बदल काकांमुळे झाला. ते त्यांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरं. पण मी मत बदललेलं नाही.” गणपतीला आले, मोदक खाल्ले.

२४ मार्च २०२५ ला टाउनशिपचं बजेट मांडलं गेलं. मांडल्यापासून जाहीर सुनावणीपर्यंत निदान २८ दिवस जावे लागतात. या काळात मी दर दोन दिवसांनी वेबसाइट उघडून आमची ओळ आहे का ते बघत होते. होती. पान ३४.

२८ एप्रिलला सुनावणी. आमचा ठराव आधी ‘कन्सेंट अजेंडा’वर होता, म्हणजे पंधरा-वीस ठराव एकगठ्ठा मंजूर होतात त्यात. एका सदस्याने तो बाहेर काढायला लावला. माझ्या पोटात गोळा आला. चर्चा चाळीस मिनिटं चालली. त्यातली पंचवीस मिनिटं ‘कलाशिक्षण’ या शब्दात मार्चिंग बँडचे गणवेश येतात की नाही यावर. रात्री दहा चाळीसला मतदान झालं, पाच विरुद्ध दोन. टाळ्या वगैरे काही नाही. पुढचा विषय गटारं होता, तो लगेच सुरू झाला.

२० मे ला शाळा बोर्डाने तेवढ्याच शांतपणे स्वीकृतीचा ठराव केला.

मला वाटलं झालं. पैसा मिळायला आणखी चार महिने लागले. कारण पैसा आगाऊ येत नाही. बोर्डाने आधी खर्च करायचा, बिलं लावायची, मग टाउनशिप भरपाई देणार. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू, त्याआधी ऑर्डर काढता येत नाही. वाद्यदुरुस्तीला कोटेशनं मागवावी लागली. नाटकाच्या शिक्षकाला मुलांबरोबर काम करायचं म्हणून बोटांच्या ठशांची तपासणी करून घ्यावी लागली; त्याची तारीख मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडला. भट्टीची कॉइल आली, पण बसवायला आलेला वायरमन म्हणाला की खोलीचं वायरिंग जुनं आहे, आधी ते बदला. वायरिंग हे बांधकाम, ते आमच्या करारात बसत नाही. भट्टी अजून थंड आहे. कोलोरॅडोतल्या कायद्याला मी उन्हाळ्यात नावं ठेवली होती, त्याची तेव्हा आठवण झाली.

२२ व्हायोलिनं दुरुस्त झाली. चौथीचा वर्ग परत सुरू झाला नाही, पण शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा चौथीतल्या मुलांना वाद्य घरी न्यायला मिळतं आणि पाचवीच्या बाई अर्धा तास थांबतात. नाटकाचे बारा आठवडे नोव्हेंबरच्या शेवटी पूर्ण झाले. चित्रकलेच्या बाईंची गाडी तशीच आहे. खोली हा आमच्या करारातला विषयच नव्हता. मात्र उरलेल्या किरकोळ रकमेतून गाडीला नवी चाकं बसली. आता त्या येताना कळत नाही, अशी पोरांची तक्रार आहे.

माझा खर्च ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी: वकील १५०, मुलीला सांभाळणं सगळं मिळून ५४० च्या आसपास, छपाई १२, दोन अर्ध्या रजा. करार एकाच वर्षाचा आहे. जानेवारीत पुन्हा खतावणी मागवायची, अर्जाचा मसुदा तयार आहे, कुणाला हवा असेल तर मागा.

डिसेंबरमध्ये शाळेचा हिवाळी कार्यक्रम झाला. धाकटी आता पाचवीत, तिसऱ्या रांगेत उभी होती. मी आईला व्हिडिओ पाठवला. सूर थोडे इकडेतिकडे होते. तिने दोनदा ऐकला आणि फोन केला.

“हेच का गं ते गांजाचं व्हायोलिन?”

“नाही गं, व्हायोलिन शाळेचं जुनंच आहे. त्यावरची तार तेवढी त्यातली.”

“एकच?”

“चारही.”

“मग ठीक आहे,” आई म्हणाली. कसं ठीक आहे ते मी विचारलं नाही.